शोकाकुलांत शबनूर

कसबा बावड्याच्या चौकात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं माझी स्कूटर अडकली होती, ट्रॅक्टरवाल्यानं छाती हादरेल असं गाणं लावलं होतं, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत सहज वर बघितलं तर माझी म्हातारी मेली होती. म्हणजे फ्लेक्सवर. दाराएवढी उंच, गळ्यात कॉम्प्युटरनं घातलेला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना कॉम्प्युटरच्याच समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली ‘कै. श्रीमती चिमणाबाई’. मागून कुणाचा तरी हॉर्न कोकलला. “ओ पावणं, झोपलासा काय? घ्या की गाडी फुडं!” ट्रॅक्टर कधीचाच निघून गेला होता. मी स्कूटर कडेला घेतली, तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि बघतच राहिले. कारखान्याकडून मळीचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता.

माझी म्हातारी म्हणजे माझी आजी वगैरे नव्हे. ही बाई जगात नाहीच. तिला मी काढलीय, टॅबलेटवर, माझ्या हातानं, समोर कुणाला न बसवता आणि कुठला फोटो न बघता. पोटापाण्यासाठी मी लग्नपत्रिका करते, बारशाची कार्डं करते, नवरानवरीला बुलेटवर बसवून देते, हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं आहे हे मला चांगलं माहीत आहे. पण हिच्यासाठी कुणी ऑर्डर दिली नव्हती. डोक्यावर पदर, गालांवर सुरकुत्यांचं जाळं, आणि एक डोळा किंचित बारीक केलेला, समोरच्याची थाप आत्ता पकडते बघ, अशी. ती पुरी झाली त्या दुपारी मी चहा करून तिच्यासमोर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं, हं, शबनूर, हे तुला जमलं. मग ती इन्स्टाग्रामवर टाकली. लाइक कुणाचे आले म्हणाल तर एका मावसबहिणीचा, एका जुन्या मैत्रिणीचा आणि एका ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानाचा. मला राग आला नाही. म्हटलं, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. आता लागला होता तो वेळ, आणि बाई एकदम कैलासवासी होऊनच भेटली होती.

चोरीची मला सवय नव्हती असं नाही. माझा कोंबडा एका चिकन सिक्स्टी-फाइव्हच्या गाड्यावर आहे, स्वतःच हातात झारा घेऊन उभा केलाय त्याला बिचाऱ्याला. माझा मोर मी एकदा बसमध्ये एका बाईच्या ब्लाउजवर बघितला. बिंदू चौकापर्यंत तिच्या पाठीकडं बघत उभी होते, शेवटी तिनं पदर ओढून घेतला. तेव्हापासून मी चित्रावर सही करायला लागले. आधी कोपऱ्यात, बारीक. ती कापून चित्र पळवलं, म्हणून मग जरा आत. मग जरा मोठी. मग आडवी, पुसट, सगळ्या चित्रावरून. अम्मी एकदा चष्मा पुसून म्हणाली, “शबनूर, ह्यात चित्र कुटंय गं? मला नुसती तूच दिसाय लागलीस.” मग मी एका वकिलाचं ऑनलाइन व्याख्यान ऐकलं. टाय लावलेला गोरा-गोमटा पोरगा, मागं पुस्तकांचं कपाट, तेही बहुतेक चित्रातलंच. तो म्हणाला, कलाकृती जन्मते त्या क्षणी हक्क तुमचा असतो, पण पुरावा जपा. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी बिर्याणी केली. पुरावा माझ्याकडं होता. माझं ॲप चित्र काढतानाचा सगळा व्हिडिओ आपोआप साठवतं, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत. आणि हल्ली तर काय, अशी मशीनं निघालीत म्हणे की जगातल्या सगळ्यांची चित्रं गिळून बसतात आणि म्हणाल ते ओकून देतात. त्यांच्याशी भांडायला जायचं कुठं, त्यांना दार आहे का, उंबरा आहे का? हा फ्लेक्स मात्र बावड्यात होता. इथं चोराला घर होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण खरं सांगते, आत कुठंतरी मला आनंदच झाला होता. अखेर भांडायला माणूस मिळणार होता.

फ्लेक्सचा फोटो काढायला मोबाइल वर धरला तेव्हा खालची ओळ दिसली. शोकाकुल: बाळासो, धोंडुबाई, समस्त परिवार, चौकातलं तरुण मंडळ, आणि मग, स्वच्छ, ठसठशीत अक्षरात, शबनूर. मी दोनदा वाचलं. माझंच नाव. ज्या नावासाठी मी इतकी वर्षं कोपऱ्याकोपऱ्यात तडफडत होते ते असं भर चौकात, ट्रॅक्टरवाल्यांनासुद्धा वाचता येईल एवढं मोठं लागलं होतं, आणि मी एका अनोळखी बाईसाठी शोक करत होते. बरं, शोक व्हावा असं काही वाटतही नव्हतं.  पण स्वतःचं नाव मेलेल्या माणसाखाली वाचल्यावर कुणालाही एकदा श्वास तपासून बघावासा वाटेल.

फ्लेक्सवाल्याचं दुकान समोरच होतं. मालक विजयसिंह, कपाळाला गंध, हातात वडापाव, मागं मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा गॉगलवाला चेहरा इंच-इंच बाहेर येत होता. मी म्हटलं, “त्या समोरच्या फ्लेक्सवरचं चित्र कुणाचंय?” “चिमणाबाईंचं.” “ते नव्हे. काढलंय कुणी?” “ते काय ठावं न्हाय. बाळासोनं मोबाइलवरनं धाडलं, मी लावलं.” “आणि त्यावर सही होती ती?” “कसली सही?” “शबनूर!” विजयसिंहानं वडापाव खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला. “व्हय व्हय! आडवं नाव व्हतं बघा पदरावर. पुसता पुसता दमलो. मग म्हटलं, नाव आलंय म्हंजे घरातलंच कुणीतरी असनार. नाव गाळलं की आमच्या डोक्यावर भांडान येतंय ओ. गेल्या साली एका जावयाचं नाव ऱ्हायलं तर त्यानं फ्लेक्स फाडला, वर माझ्या दुकानावर दगूड मारला. म्हून म्या शोकाकुलात घातलं. का वो, काय चुकलं का? अक्षर बारीक झालं का?” मी म्हटलं, “शबनूर मी आहे.” तर हा गडी हात जोडून उभा राहिला आणि डोळे मिटून म्हणाला, “वाईट झालं बगा. लई मायाळू म्हातारी व्हती.” आता त्याच्याशी काय भांडणार, कपाळ! मी बाळासोचा पत्ता विचारला. “मागच्या गल्लीत, मांडव घातलाय बघा.” म्हणजे, शोकाकुल असून घर ठाऊक नाही, असं त्याच्या डोळ्यांत आलेलं मला दिसलं.

गल्लीतून चालताना मी बोलायची वाक्यं जुळवत होते. वकिलाचे शब्द आठवत होते, ते सगळे मराठीत आणले की घोड्यावरनं पडल्यासारखे वाटत होते. मांडवात बायका गहू निवडत बसल्या होत्या. उद्या बारावं होतं. टक्कल पडलेला, दाढी वाढलेला, अंगानं दांडगा असा एक माणूस खुर्च्या मोजून घेत होता, तोच बाळासो. मी म्हटलं, “मी शबनूर.” निवडण्याचा आवाज थांबला.  भिंतीला टेकलेली एक वाळकी म्हातारी, धोंडुबाई, मेलेल्या चिमणाबाईंची जाऊ, हाताचा आधार घेत उठली आणि माझ्याभोवती फिरून मला खालवर बघून म्हणाली, “ही व्हय ती! आठ दीस झालं इचारतोय, ही शबनूर कोन म्हून. बाळ्या तर आईच्यान सांगतोय ठावं न्हाय. मग म्या म्हटलं ह्याच्या बापाचंच कायतरी असनार. खरं सांग पोरी, वयानं बसतीस तू बरोब्बर.” मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कानापर्यंत तापले. चित्राचा हक्क सांगायला आले होते आणि इथं मला जमिनीत वाटा मिळायची वेळ आली होती. मी जवळजवळ ओरडलेच, “ओ आजी, मी चित्रकार आहे! ते चित्र मी काढलंय! तुमच्या चिमणाबाईंना मी ओळखतसुद्धा नाही!”

बाळासोनं मला खुर्ची दिली, चहा सांगितला. भांडायला आलेल्या माणसाला चहा देणं हा आमच्याकडचा सगळ्यात वाईट डाव आहे, कप हातात आला की आवाज चढवता येत नाही. तो म्हणाला, “ताई, आईचा फोटो न्हाय ओ एक बी. हुतं, शिरोळला मामाच्यात पेटीत, ती पेटी म्हापुरात गेली. आन मोबाइलवर काढाय गेलं की ही बघा.” त्यानं दाखवलं. बारशात एक तळहात. लग्नात एक तळहात. जत्रेत पाळण्यापुढं एक तळहात आणि त्यामागं पदर. “फोटोनं आयुष्य कमी हुतंय म्हनायची. ऐंशीच्या वर जगली बगा, म्हंजे खरंच असंल.” “आधार कार्ड?” मी म्हटलं. त्यानं न बोलता खिशातून काढून दिलं. मी बघितलं आणि कार्ड पालथं घातलं. “बोला की,” तो म्हणाला, “आई वाटतीया का दरोडेखोर वाटतीया? ह्यो फोटो फ्लेक्सवर लावला असता तर चौकात पोलीस आलं असतं. मग त्या दिशी मोबाइल वर सरकवत बसलतो, डोळ्याला पानी, आन सरकवता सरकवता आई आली.” “अहो पण ते चित्र आहे, हे कळलं नाही का तुम्हाला?” “कळलं की. पर आई हाय ते बी कळलं.”

इथं माझं जुळवलेलं सगळं सांडलं. तरी मी सोडलं नाही, मी काही इतकी भली बाई नाही. म्हटलं, दादा, ती तुमची आई नाही, ती माझ्या डोक्यातनं आलीय, माझ्याकडं पुरावा आहे. आणि मी मोबाइलवर तो व्हिडिओ लावला. गव्हाच्या बायका, आचारी, खुर्च्या आणणारे, सगळे माझ्या खांद्यावरनं वाकले. आधी पांढरं. मग एक लंबगोल. मग कपाळ, भुवया, हनुवटी. माझा हात नव्हता त्यात, नुसत्या रेघा आपोआप उमटत होत्या, आणि मला पहिल्यांदाच तो व्हिडिओ भीतीदायक वाटला, कारण मी काढतेय असं त्यात कुठंच दिसत नव्हतं. पदर डोक्यावर आला तशी धोंडुबाई किंचाळली, “थांबीव! थांबीव तितं!” मी थांबवलं. सुरकुत्या अजून घातल्या नव्हत्या. गुळगुळीत, भरलेल्या गालांची एक तरणी बाई डोळा बारीक करून बघत होती. “ही बघ,” धोंडुबाई बोट लावून म्हणाली, “ही चिमणी लगीन हून आली तवाची. अश्शीच बगायची मेली माझ्याकडं. पयल्या दिशी म्हनली, धोंडे, भाकरी करपली तुझी.” ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग बाळासो म्हणाला, आता सोडा. सुरकुत्या यायला लागल्या. डोळ्याकडेची पहिली आली. “ही आमचं वडील, तात्या, गेलं तवाची,” बाळासो म्हणाला. कपाळावरची आली. “ही मी धाव्वीला बसलो तवाची.” कुणीतरी म्हणालं, तू तर दोनदा बसलास, तर लगेच खाली दुसरी आली. सगळे हसले. ओठाजवळची एक खोल आडवी रेघ आली, तेव्हा बायकांनी माना खाली घालून परत गहू निवडायला घेतले. ती रेघ मी हात चुकला म्हणून झाकायला काढली होती. हे मी सांगितलं नाही. मी पुरावा दाखवायला आले होते आणि माझ्या पुराव्यात एक बाई माझ्यादेखत म्हातारी होत होती, आणि मांडवातल्या प्रत्येकाला ती का म्हातारी झाली ते माहीत होतं, मला सोडून.

“चित्र तुमचंच हाय ताई,” बाळासो शेवटी म्हणाला, “मी न इचारता घेतलं, चुकलं. सांगा, आत्ता उतरीवतो फ्लेक्स. पर उद्या बाराव्याला पाटावर काय ठिऊ? आधार कार्ड?” माझ्या हातातला चहा गार झाला होता. हो म्हणाले असते तर त्यानं खरंच उतरवला असता, त्याचा चेहरा तसा होता, आणि उद्या त्या पाटावर दरोडेखोर बसली असती. मी म्हटलं, राहू दे. पण शोकाकुलातनं माझं नाव काढा आणि चित्राखाली घाला, ‘चित्र: शबनूर’ असं. धोंडुबाईनं लगेच डोळे पुसले. “खाली घाला की. पर शोकाकुलातलं काढू नगंस बाई. काढलं की लोकं म्हनतील वाटनीवरनं भांडान झालं.” मग त्यांच्यात कुजबूज झाली. मी उठले तसा बाळासो मागोमाग दारापर्यंत आला आणि मान खाजवत म्हणाला, “ताई, रागावणार न्हाईसा न्हवं? आईचं नाक जरा बसकं हुतं. तेवढं करून देतासा काय?”

घरी येईपर्यंत मी फणफणत होते. नाक! अरे, माझं चित्र, माझं नाक! अम्मी मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, चित्र दाखवलं, तर तिनं सही नसलेलं ते चित्र पहिल्यांदाच नीट बघितलं आणि म्हणाली, “अगं, ही बावड्याची भाजीवाली. तू लहान असताना हिच्याकडनंच घ्यायचो की. तू भाजीच्या पाटीत बसायचीस, उठायचीच नाहीस.” आता अम्मीच्या साक्षीला काही अर्थ नाही, तिला सगळ्या म्हाताऱ्या कुठल्या ना कुठल्या भाजीवाल्या वाटतात, आणि चिमणाबाई भाजी विकायच्या का हे मी विचारलंही नव्हतं. पण त्या संध्याकाळी मी टॅबलेट समोर घेऊन बसले आणि मला ओल्या कोथिंबिरीचा वास यायला लागला. गोणपाट मांडीला टोचत होतं. वरून कुणीतरी डोळा बारीक करून बघत होतं आणि माझ्या मुठीत लपवलेलं गाजर त्या डोळ्याला दिसलं होतं. हे मला आठवत होतं की अम्मीनं आत्ता सांगितलं म्हणून मी तयार करत होते? मी तर तयार करण्यातच पटाईत. मला फार अस्वस्थ वाटलं. इतके दिवस मी हिला काढली असं छाती ठोकून सांगत होते, आणि हिनंच कुठंतरी बसून स्वतःला माझ्याकडं ठेवायला दिलं असलं तर? मग सही कुणाची घालायची? वकिलानं हे काही सांगितलं नव्हतं. कपाट मागं घेऊन बसणाऱ्यांना असलं काही सुचत नाही.

मग नाक बसकं केलं. नुसतं बघू म्हणून. आणि संताप म्हणजे, चित्र सुधारलं. तो बारीक डोळा, जो मला नेहमी किंचित नाटकी वाटायचा, तो त्या बसक्या नाकाशेजारी एकदम खरा झाला. मी ते परत उंच केलं, परत बसकं केलं, अम्मीला विचारलं, ती म्हणाली, “आता कशी दिसतीय बघ. भाव करणारी.” मी छापून घेतलं, चौकट केली, बाराव्याला नेऊन दिलं, पंगतीत जेवून आले. पदराच्या काठात, अगदी बारीक, शोधली तरच सापडेल अशी सही केली. बाळासोनं ती शोधली, सगळ्यांना बोट लावून दाखवली, आणि मग स्टेटसला ठेवलं.

महिनाभरानं त्याचा फोन आला तेव्हा मी एका नवरदेवाला बुलेटवर बसवत होते. “ताई!” तो इतका ओरडला की मी मोबाइल कानापासून लांब धरला. “ताई, इचलकरंजीत हाय मी, दुकानात. ठेच्याच्या बरणीवर आई हाय! आपली आई! चोरली ओ कुनीतरी! ‘सोनाक्का आज्जींचा घरगुती ठेचा’, नाव बी दुसरंच दिलंय! आन आईला ठेचा जमायचाच न्हाई ओ, जळजळीत करायची, कुत्रं खाईत नव्हतं!” मी म्हटलं, दादा, आधी शांत व्हा, दुसऱ्या कुठल्यातरी म्हातारीचं चित्र असेल, सगळ्या सारख्याच दिसतात.  तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “ताई, नाक बसकं हाय.”

माझं डोकं फिरलं. असलं कोंबड्याच्या वेळी फिरलं नव्हतं, मोराच्या वेळी नाही. आयुष्यभर भाकऱ्या थापल्या बाईनं, जावेची करपलेली भाकरी पहिल्या दिवशी ओळखली तिनं, आणि तिला आता कुणाच्या तरी बरणीवर सोनाक्का म्हणून उभी केली होती, न विचारता! मी स्कार्फ ओढला, किल्ली शोधली, मोबाइलमध्ये तो व्हिडिओ आहे ना ते बघितलं. अम्मी आतून विचारत होती, कुठं निघालीस, कुणाचं काय झालं.

“दादा, हलू नका तिथनं,” मी म्हटलं, “आणि ती बरणी कुणाला घेऊ देऊ नका. मी आलेच. धोंडुआजीला पण घेते.”